पिकअप कुठून येतो?

(हर्णे, ता. दापोली, जि. रत्नागिरी इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. वाचनाच्या सोयीसाठी थोडी काटछाट केली आहे, बोलण्याचा सूर तसाच ठेवला आहे.)



आपल्याकडे कुणी गाडी घेतली की बघायला येणारा माणूस दोन प्रश्न विचारतो. पहिला, ॲव्हरेज किती देते? दुसरा, पिकअप कसा आहे? पहिल्याचं उत्तर आकड्यात मिळतं. थोडं फुगवलेलं असतं, पण आकडा असतो. दुसऱ्याचं उत्तर 'एक नंबर', 'सुसाट' असल्या शब्दांत मिळतं, आणि फार खोलात गेलंच तर 'इतक्या हॉर्सपॉवरची आहे' असं. मी आज बोलणार आहे ते या दुसऱ्या उत्तराबद्दल.

गाड्यांची परीक्षणं मी बरीच वर्षं वाचतोय, हल्ली बघतोय. पेपरातल्या पुरवण्या, जाहिराती, सिनेमे, मोबाइलवरचे व्हिडिओ, हा सगळा मिळून एक लेखनप्रकारच झालाय. कवितेची समीक्षा होते, नाटकाची होते, मग याची का होऊ नये? कवितासंग्रह घेऊन कुणी कर्जात बुडाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. गाडीचं परीक्षण वाचून लोक बुडतात. (हशा)

तक्रार सांगतो. हे सगळं लेखन इंजिनाचं आहे. आणि पिकअप नुसत्या इंजिनात नसतो. इंजिन आणि रस्ता यांच्या मधे एक साखळी असते. टॉर्क कन्व्हर्टर, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, त्याचे क्रॉस, मागचं डिफरन्शियल, एक्सल आणि शेवटी टायर. पिकअप या साखळीत हरवतो नाहीतर सापडतो. आणि ही साखळी गाडीच्या पोटाखाली असते, तिथे कॅमेरा जात नाही, त्यामुळे लेखणीही जात नाही.

उदाहरण मसल कारचं घेतलंय, कारण हॉर्सपॉवरचं वेड तिथे सर्वांत मोठं. १९६४ साली अमेरिकेत पॉन्टियॅकने टेम्पेस्ट नावाच्या मधल्या आकाराच्या गाडीत ३८९ घनइंचांचं, म्हणजे आपल्या हिशेबात जवळपास ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन बसवून दिलं आणि जीटीओ म्हणून विकलं. मोठ्या गाडीचं इंजिन मध्यम गाडीत. कृती एवढीच. मग सगळ्यांनी ती उचलली आणि दर वर्षी आकडे वाढत गेले. त्यातही गंमत बघा. १९७१ पर्यंत अमेरिकेतल्या कंपन्या जी हॉर्सपॉवर छापायच्या ती 'ग्रॉस' असायची. म्हणजे इंजिन उघडं स्टँडवर ठेवायचं, त्यावरचं पंखा-अल्टरनेटरचं ओझं काढायचं, गाडीतला सायलेन्सर लावायचा नाही आणि मोजायचं. १९७२ पासून 'नेट' छापायला लागल्यावर त्याच इंजिनांचे आकडे धाडकन खाली आले. काही अंशी नव्या प्रदूषण-नियमांनीही इंजिनं मवाळ झाली होती हे खरं, पण बरीचशी घट कागदावरची होती. इतकी वर्षं लोक ज्या आकड्यावरून भांडत होते, तो आकडा रस्त्यावर कधी उतरलेलाच नव्हता.

आणि यातल्या कितीतरी गाड्या ऑटोमॅटिक होत्या. आपल्याकडे ऑटोमॅटिक म्हणजे नव्याने शिकणाऱ्याची किंवा गुडघे दुखणाऱ्याची गाडी, असा एक समज आहे. तो सिनेमाने घट्ट केला. २००१ चा पहिला 'फास्ट अँड फ्युरियस' आठवा. त्यातला नायक गिअर किती वेळा बदलतो? चारशे मीटरच्या शर्यतीत इतके गिअर पडतात की गाडीला गिअर आहेत की जिना, कळत नाही. शेवटी येते ती १९७० ची डॉज चार्जर. तिच्याबद्दल आपल्याला काय सांगितलं जातं? नऊशे हॉर्सपॉवर. बॉनेटमधून वर आलेला ब्लोअर दिसतो, मग गाडी पुढची चाकं उचलते. आता पुढची चाकं उचलली जातात याचा अर्थ मागच्या टायरना भयंकर पकड मिळाली, आणि तो सगळा ताण क्राउन-पिनियनने आणि एक्सलने सोसला. त्या दृश्याचे खरे नायक ते. त्यांना एक क्लोजअप नाही.

आता थोडं पोटाखाली जाऊ.

ऑटोमॅटिक गाडीत क्लच प्लेटच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. समजायला सोपं चित्र म्हणजे समोरासमोर ठेवलेले दोन टेबलफॅन. एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरायला लागतो. कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याऐवजी तेल असतं, आणि दोन्ही पंख्यांच्या मधे स्टेटर नावाचा तिसरा, जो परत येणाऱ्या तेलाला वळवून पुन्हा कामाला लावतो. त्यामुळे गाडी जागेवर उभी असताना, निघण्याच्या त्या क्षणी, कन्व्हर्टर इंजिनाचा टॉर्क जवळपास दुप्पट करून पुढे देतो. दुप्पट! आणि तेही इंजिनाला हात न लावता. गाडीने वेग घेतला की हा गुणाकार कमी होत होत एकावर येतो.

पण तो क्षण कुठल्या फेऱ्यांवर येतो, हे महत्त्वाचं. चाकं ब्रेकने धरून अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर इंजिन ज्या आरपीएमपर्यंत चढून अडतं, त्याला स्टॉल स्पीड म्हणतात. रोजच्या वापराच्या जुन्या गाडीत तो साधारण अठराशेच्या आसपास ठेवलेला असे. आता समजा तुम्ही त्या इंजिनात शर्यतीचा कॅमशाफ्ट बसवला. आकडा वाढला, आवाज वाढला, मित्र खूश. पण असा कॅम तीन हजारांच्या पुढे जागा होतो. खाली तो झोपलेला. म्हणजे जिथे गाडीला जोर हवा तिथे तुम्ही तो कमी केलात, आणि सिग्नलवर बाजूची साधी गाडी तुमच्या पुढे निघून जाते. इलाज काय? जास्त स्टॉलचा कन्व्हर्टर, अडीच ते साडेतीन हजारांचा. इंजिन आधी जागं होतं, मग गाडी निघते. याची किंमतही सांगायला हवी. असा ढिला कन्व्हर्टर तेल घुसळतो, तेल तापतं, आणि तापलेलं तेल ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा पहिला शत्रू. वेगळा ऑइल कूलर न लावता हे काम केलं तर गिअरबॉक्स उघडायची वेळ लांब नसते. कन्व्हर्टरचं कौतुक करणारा व्हिडिओ सापडेल, कूलरचं कौतुक करणारा क्वचित.

मग येतो मागचा रेशो. इथे मी तुम्हाला थोडं गणित करायला लावणार आहे. जनरल मोटर्सचा टर्बो-हायड्रॅमॅटिक ४०० नावाचा तीन गिअरचा ऑटोमॅटिक घ्या. १९६४ साली आला, फार मजबूत. त्याचा पहिला गिअर २.४८, दुसरा १.४८, तिसरा सरळ १. गाडीच्या मागच्या डिफरन्शियलचा रेशो ३.०८ असेल तर पहिल्या गिअरमध्ये एकूण गुणाकार २.४८ गुणिले ३.०८, म्हणजे सुमारे ७.६. आता हाउसिंग उघडून क्राउन-पिनियन बदलला आणि रेशो केला ३.७३. गुणाकार झाला सव्वानऊ. प्रत्येक गिअरमध्ये चाकावरचा टॉर्क २१ टक्क्यांनी वाढला. हेच काम इंजिनाकडून करून घ्यायचं तर चारशे हॉर्सपॉवरचं इंजिन चारशे चौऱ्याऐंशीच्या जातीचं करावं लागलं असतं. त्याचा खर्च आणि एका गिअर-जोडीचा खर्च यांची तुलना तुम्हीच करा.

आता कुणी म्हणेल, हे फुकटात कसं मिळालं? फुकटात नाही मिळालं. गिअर शक्ती तयार करत नाही. वेग देतो आणि जोर घेतो, बाजारातली अदलाबदल आहे ती. टायर २६ इंच व्यासाचा धरला तर ताशी १०० किलोमीटरला चाक मिनिटाला आठशे फेऱ्या मारतं. तिसऱ्या गिअरमध्ये ३.०८ ला इंजिन पावणेपंचवीसशेच्या आसपास फिरेल, ३.७३ ला तीन हजारांवर, आणि कुणी हौसेने ४.१० घातला तर तेहतीसशेवर. म्हणजे हायवेवर दिवसभर घोंघाट, आणि ॲव्हरेज विचारायचं नाही. आपल्या दोन प्रश्नांपैकी दुसऱ्याचं उत्तर सुधारलं की पहिल्याचं बिघडतं, ते इथे.

यातूनही वाट निघते, आणि मला ती सगळ्यात देखणी वाटते. मागचा रेशो ३.०८ च राहू द्या, गिअरबॉक्स बदला. १९८२ मध्ये जनरल मोटर्सचाच ७००आर४ आला, चार गिअरचा. पहिला ३.०६, चौथा ०.७०. आता पहिल्या गिअरचा गुणाकार करून बघा. ३.०६ गुणिले ३.०८, सुमारे ९.४. म्हणजे मघाच्या ३.७३ वाल्या गाडीपेक्षाही जास्त! आणि चौथ्यात ताशी १०० ला इंजिन फक्त सतराशेवर. पिकअपही आणि ॲव्हरेजही. मग सगळे हेच का करत नाहीत? एक म्हणजे हा गिअरबॉक्स मुळात इतक्या टॉर्कसाठी केलेला नव्हता, आतून मजबूत करून घ्यावा लागतो. दुसरं, पहिला ३.०६ आणि दुसरा १.६३, मधे मोठी उडी. पाच हजारांवर गिअर पडला तर इंजिन एकदम सव्वीससत्तावीसशेवर येऊन आदळतं आणि क्षणभर गाडी ढेपाळते. जुन्या तीन गिअरवाल्यात ते तीन हजारांवर येतं. तीनचारशे फेऱ्यांचा फरक, पण शर्यती कॅमच्या इंजिनाला तेवढ्यात झोप लागते. बघा, एका सुट्या भागाचं परीक्षण करताच येत नाही. कन्व्हर्टर, गिअर, रेशो आणि कॅम एकमेकांकडे बघून निवडावे लागतात. आणि आपली परीक्षणं एकेक भाग वेगळा काढून त्याला पाचपैकी तारे देतात.

आता साखळीचं शेवटचं टोक. ते समजायला अमेरिकेला जायची गरज नाही. इथून पाच मिनिटांवर वाळू आहे.

दर सुट्टीत आपल्या किनाऱ्यावर, मुरुडला म्हणा, कर्द्याला म्हणा, शहरातली एखादी महागडी गाडी ओल्या वाळूत रुतते. चालवणारा काय करतो? अ‍ॅक्सिलरेटर दाबतो. त्याला कंपनीने, परीक्षणाने, सिनेमाने हेच शिकवलंय, की जोर इंजिनात असतो. एक चाक गरागरा फिरतं, वाळू उडते, दुसरं चाक ढिम्म उभं. गाडी आणखी खाली जाते आणि भरती वर येते. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं. त्यामुळे ज्या चाकाला पकड नाही त्याला जितका लागतो तितकाच पकड असलेल्यालाही मिळतो, म्हणजे जवळजवळ शून्य. दीडशे हॉर्सपॉवर असो की पाचशे. मग कुणीतरी ट्रॅक्टर आणतं किंवा बैलजोडी. बैलांना डिफरन्शियल नाही, आठ खूर आहेत, आणि खुराला वाळू कळते. (हशा)

मसल कारचं दुखणं हेच. तिचा गाळ म्हणजे तिचा स्वतःचा टॉर्क. निघताना टायर जागेवर फिरतो, धूर निघतो, प्रेक्षक टाळ्या वाजवतात. तो धूर म्हणजे वाया गेलेला पिकअप. परीक्षणात त्याच धुराचा फोटो पहिल्या पानावर. म्हणून जाणते लोक इंजिनाच्या आधी लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल बघतात, ज्याच्या आतल्या क्लच प्लेटा एका चाकाला एकटं पळू देत नाहीत. मग टायर. आणि टायरने रस्ता खरंच पकडला की साखळीतली पुढची कमजोर कडी बोलायला लागते. आधी चाक घसरून सुटका व्हायची, आता घसरत नाही, मग क्रॉस तुटतो, क्रॉस बदलला की एक्सल पिळतो. हा क्रम ठरलेला आहे, आणि तो कुठल्याही जाहिरातीत नसतो.

या सगळ्याचा सर्वांत चांगला पुरावा एका कारखान्यानेच दिलाय. डॉजची चॅलेंजर हेलकॅट, ७०७ हॉर्सपॉवर. कंपनीने सांगितलेला पाव मैलाचा, म्हणजे ४०२ मीटरचा, वेळ ११.२ सेकंद. त्याच गाडीला नुसते ड्रॅग टायर लावले, १०.८. इंजिन तेच. मग २०१८ साठी त्यांनी डीमन काढली. पोस्टरवर आकडा ८४०, तोही शर्यतीचं इंधन घातलं तर, पंपावरच्या पेट्रोलवर ८०८. जगभर चर्चा या आकड्याची झाली. पण इंजिनियरांनी केलं काय होतं? मागचा रेशो २.६२ वरून ३.०९ वर नेला. कन्व्हर्टर बदलून त्याचा स्टॉल वाढवला. एक्सल जाड केले. मागे-पुढे ३१५ रुंदीचे चिकट टायर घातले. गिअरबॉक्समध्ये ट्रान्सब्रेक दिला, म्हणजे गाडी ब्रेकने न धरता गिअरबॉक्सनेच आतून धरायची आणि बटण सोडलं की सुटायची. आणि वजन काढलं. ड्रायव्हरची सोडून बाकीच्या सीटच काढल्या, हव्या असतील तर एक डॉलरला परत! मॅन्युअल गिअर दिलाच नाही, फक्त ऑटोमॅटिक. वेळ झाला ९.६५ सेकंद. मी या गाडीचा चाहता नाही, रस्त्यावर तिचं काय काम हा प्रश्न मला पडतोच. पण तिच्या इंजिनियरांना मी पूर्ण मार्क देतो आणि तिच्या जाहिरातीला नापास करतो. त्यांनी केलेलं खरं काम त्यांच्याच पोस्टरने झाकलं.

वजनावरून आठवलं, तुमच्या समोर सुवर्णदुर्ग उभा आहे. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्स पेशव्यांच्या आरमाराबरोबर तुळाजी आंग्र्यांच्या या किल्ल्यावर आला. त्याचं प्रोटेक्टर जहाज ४४ तोफांचं. आंग्र्यांची गलबतं नांगराचे दोर सोडून दक्षिणेकडे निघाली. त्या पाठलागाची हकिकत रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. वारा पडलेला. आंग्र्यांच्या खलाशांनी जहाजावरचं जे जे नको ते समुद्रात टाकून दिलं, शिडं तर लावलीच, वर अंगावरचे कपडे, गोधड्या, पागोटीसुद्धा वाऱ्यावर बांधली. आणि निसटले. जेम्स परत फिरला आणि त्याने किल्ल्याकडे मोर्चा वळवला. किल्ला पडला, हे खरं, पण तोफांच्या आकड्यात वरचढ असलेल्या जहाजाला त्या दिवशी आरमार हाती लागलं नाही. सीट काढून टाकण्याची कल्पना डॉजच्या आधी इथल्या पाण्यात झालेली आहे. इतिहासाच्या पुस्तकांत तोफा मोजलेल्या सापडतात, पागोटी नाही. म्हणजे लेखकांचा हा रोग जुना दिसतो.

मसल कारच्या निमित्ताने हे सगळं मी हर्ण्यात सांगतोय त्याचं खरं कारण आता सांगतो. चारचाकीचा शौक ज्याला परवडतो त्याने करावा. पण इंजिन-गिअर-शाफ्ट ही साखळी इथे ज्यांच्या पोटापाण्याशी बांधलेली आहे, ते लोक बंदरात आहेत. बोटीलाही हेच सगळं असतं. ट्रकच्या जातीचं डिझेल इंजिन, त्याच्या मागे रिडक्शन गिअर, शाफ्ट आणि पंखा. बोटीचा पंखा म्हणजे मागचा रेशो आणि टायर एकातच. त्याचा व्यास आणि पीच मिळून रेशो ठरतो, आणि पाण्यात तो जितका सरकतो तितकी पकड सुटते.

आणि इथेही तीच भाषा शिरली आहे. कुणाच्या बोटीला किती हॉर्सपॉवर. किनाऱ्या-किनाऱ्याने इंजिनं मोठी होत चालली आहेत. पावसाळी बंदीत बोटी वर काढल्या की इंजिन बदलायची बोलणी सुरू होतात, आणि ती बोलणी पुन्हा आकड्यावरच होतात. कारमध्ये चूक झाली तर सिग्नलवर हसं होतं. बोटीत झाली तर कर्जाचा हप्ता आणि डिझेलचं बिल दोन्ही महिन्याच्या महिन्याला येतात.

गाडी आणि बोट यांत एक मोठा फरक आहे, तो लक्षात ठेवा. सरळ रस्त्यावर गाडीला वाढीव ताकद वेग देत राहते, हवेने अडवेपर्यंत. बोटीला पाणी फार आधी अडवतं. मासेमारीची जड बोट पाणी बाजूला सारत चालते आणि स्वतःच लाट उठवते. वेग वाढला की ती लाट बोटीएवढी लांब होते, आणि मग बोट स्वतःच्या लाटेवर चढायला बघते. हा वेग बोटीच्या पाण्यातल्या लांबीवर ठरतो. लांबी फुटांत घ्या, वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा, उत्तर नॉटमध्ये. ४९ फुटांची बोट असेल तर सात गुणिले १.३४, साधारण ९.४ नॉट. त्याच्या पुढे इंजिन कितीही ओता, लाट मोठी होते, बोट जागची फारशी हलत नाही. वाळूत फिरणाऱ्या चाकासारखंच ते.

त्या मर्यादेच्या आतही हिशेब कडू आहे. लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते असं ढोबळमानाने धरतात. ८ नॉटवरून ९ वर जायचं तर ताकद ४२ टक्के जास्त. समजा ४० सागरी मैलांवरून परत यायचंय. ८ नॉटला पाच तास, ९ ला चार तास सत्तावीस मिनिटं. वाचली तेहतीस मिनिटं. त्या फेरीला डिझेल गेलं निदान २६ टक्के जास्त. मर्यादेच्या जवळ जाल तसं त्याहूनही जास्त.

आता म्हणाल, तेहतीस मिनिटांनाही किंमत आहे, लिलावाला आधी पोचलेल्या म्हावऱ्याला भाव मिळतो. बरोबर. मी ते नाकारत नाही. म्हणून ही तेहतीस मिनिटं घेऊन बोट कुठे पोचते ते बघू. हर्ण्याचा लिलाव बघायला लांबून लोक येतात, फोटो काढतात. फोटोत काय असतं? बोटी आत पाण्यात उभ्या, आणि छातीभर पाण्यात शिरलेल्या बैलगाड्या. म्हावरं बोटीतून गाडीत, गाडीतून वाळूवर. बर्फ आणि डिझेलही त्याच वाटेने उलटं. बोटीतून माल लिलावापर्यंत नेणारी इथली साखळी इतकी वर्षं अशीच चालली, आणि धक्क्याची मागणी तितकीच जुनी. म्हणजे चारशे हॉर्सपॉवरच्या इंजिनाने कमावलेली अर्धी मिनिटं-तास जी काही असतील, ती शेवटच्या दोनशे मीटरवर भरतीची वाट बघण्यात आणि गाडी मोकळी होण्यात जातात. मला बैलगाडीवाल्यांविरुद्ध काही म्हणायचं नाही. या साखळीतली न घसरणारी कडी तीच आहे. पण समीक्षक म्हणून विचारतो, इंजिनाच्या जाहिरातीत बोट नेहमी मोकळ्या समुद्रात पाणी कापत जाताना का दाखवतात? बंदरात थांबलेली का नाही दाखवत?

न्याय म्हणून दुसरी बाजू. मोठं इंजिन नेहमीच वेडेपणा असतो असं नाही. जाळं ओढताना बोट अडीच-तीन नॉटने चालते, तिथे वेग नको असतो, ओढ हवी असते. वादळाचा इशारा आला आणि लांबून परतायचं असेल तर हाताशी राखीव ताकद असलेली बरी, आणि तिथे जिवाची गोष्ट आहे, मी डिझेलचा हिशेब सांगणार नाही. पण ओढ हवी असेल तर तिचं पहिलं उत्तर मोठा, सावकाश फिरणारा पंखा आणि त्याला साजेसा रिडक्शन गिअर. जुन्या गिअरवर, जुन्या पंख्यावर नवं जोरदार इंजिन चढवलं तर काय होतं? पंखा लहान पडला तर पाण्यात नुसता घुसळतो, फेस काढतो, पात्यांना खड्डे पडतात. पंखा जड पडला तर इंजिन पूर्ण फेऱ्यांवर चढतच नाही, काळा धूर सोडत राबतं. तुम्ही पैसे दिलेले घोडे तबेल्यातच राहतात.

चारचाकीवाल्यांसाठी कायद्याचा एक मुद्दा राहिला. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. त्यामुळे मघाचं क्राउन-पिनियनचं गणित ऐकून उद्या दापोलीच्या गॅरेजात जाऊ नका. आपल्याकडे २०१६ पासून अधिकृतपणे विकल्या गेलेल्या मस्टँगला ५ लिटरचं व्ही-८ आणि ऑटोमॅटिकच गिअरबॉक्स होता. अशी गाडी कुणाकडे असेल तर चांगले टायर, त्यांत योग्य हवा, डिकीतलं नको ते सामान बाहेर आणि गिअरबॉक्सचं तेल वेळेवर, एवढ्यानेच तिचा पिकअप सुधारतो, आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही. अर्थात त्याचा व्हिडिओ कुणी बघणार नाही.

(व्याख्यानानंतरच्या प्रश्नांपैकी एक इथे देत आहोत.)

प्रश्न : सर, एवढं सगळं सांगितलंत. आमच्या बोटीला या मोसमात मोठं इंजिन टाकायचं चाललंय. टाकू की नको?

उत्तर : दादा, तुमची बोट मी पाहिलेली नाही, त्यामुळे हो-नाही सांगत नाही. विकणाऱ्याला काय विचारायचं ते सांगतो. हॉर्सपॉवर विचारू नका, ती तो आपणहून सांगेलच. त्याला विचारा, हे इंजिन घेतलं तर रिडक्शन गिअर कितीचा, पंखा किती इंच व्यासाचा, किती पीचचा, आणि तो माझ्या बोटीच्या बुडाखाली मावतो का? शाफ्ट हाच चालेल की जाड लागेल? या सगळ्याचा खर्च इंजिनाच्या किमतीत धरलाय की वेगळा? आणि ताशी किती लिटर, कुठल्या फेऱ्यांवर, ते कागदावर मागा. यातल्या दोन प्रश्नांना तो अडखळला तर दुसऱ्या दुकानात जा.

त्याच्या आधी एक करा. बोट आत्ता वर काढलेली असेल तर बुडाला चिकटलेले शिंपले, शेवाळ पूर्ण खरवडून काढा, पंख्याची पाती साफ करून घ्या, वाकलेली असतील तर सरळ करून तोलून घ्या. शाफ्टची रेषा तपासा. मग आहे त्याच इंजिनावर एक फेरी मारा आणि तांडेलाला विचारा, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरला इंजिन किती फेऱ्यांवर जातं. तो आकडा घेऊन दुकानात जा.